शुश्रूषागृहाची खरी परीक्षा

घरांतील वडील माणसाला शुश्रूषागृहांत ठेवावें लागणें ही गोष्ट आपल्या समाजांत अजूनही उजळ माथ्यानें सांगितली जात नाहीं. ‘मुलगे-सुना असून ही वेळ आली!’ असा उद्गार कोणाच्या तरी तोंडून निघतोच. परंतु दोन खोल्यांचें बिऱ्हाड, कर्तीं माणसें दिवसभर बाहेर, एखादा मुलगा परदेशीं, अशा स्थितींत अंथरुणाला खिळलेल्या माणसाची चोवीस तास सेवा घरच्या घरीं होणें पुष्कळदां अशक्य असतें. तेव्हां शुश्रूषागृहांत ठेवण्यांत लाज मानण्याजोगें कांहीं नाहीं. लाज मानावी ती ठेवल्यानंतर डोळे मिटून घेण्याची. हें मी स्वतःच्या अनुभवानें सांगत आहें.

चार वर्षांपूर्वीं माझ्या सासूबाई, वय वर्षें ८४, न्हाणीघरांत घसरून पडल्या व त्यांच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया निर्विघ्नपणें पार पडली. पण पुढें त्यांना उठविणें-बसविणें माझ्या एकटीच्या शक्तीबाहेरचें झालें. म्हणून पुण्यांतील एका शुश्रूषागृहांत आम्हीं त्यांची सोय केली. जागा निवडतांना आम्हीं बारकाईनें चौकशी केली होती. महिन्याचा खर्च किती, स्वयंपाक शाकाहारी आहे ना, खिडकींतून झाडें दिसतात ना, अंगणांत तुळस आहे ना? सर्व उत्तरें मनाजोगीं मिळालीं. दर रविवारीं चार वाजतां आम्ही जात असूं. चादर पांढरी शुभ्र, केस विंचरलेले, अंगाला पावडरीचा वास. आम्ही समाधानानें घरीं परतत असूं.

एकदां मात्र रविवारीं परगांवीं जावयाचें असल्यामुळें मी गुरुवारीं रात्रीं साडेनऊला तेथें गेलें. खोलींत एकच मंद दिवा होता. पाण्याचें भांडें खिडकीच्या कट्ट्यावर, सासूबाईंच्या हाताला पोंचणार नाहीं अशा जागीं ठेवलेलें. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. पाणी पाजल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “पाठ फार दुखते ग. पण सांगूं कोणाला?” मीं त्यांना कुशीवर वळवून पाहिलें, तों माकडहाडावर रुपयाएवढी ओली जखम! हांक मारल्यावर तेथल्या मावशी धांवत आल्या. त्यांनीं जखम पाहिली आणि त्या मटकन् खालीं बसल्या. “वहिनी, रात्रीं चौदा माणसं आणि मी एकटी. कोणाकोणाला वळवूं?”

त्या बाईवर रागावण्याचा मला अधिकार नव्हता. रात्रीं किती माणसांमागें किती हात आहेत, हा एकच प्रश्न आम्हीं विचारावयाचा राहिला होता.

आतां त्या प्रश्नाचें गणित पाहा. एकाच अंगावर पडून राहिलें म्हणजे हाड व गादी यांच्यामध्यें कातडी चेपली जाते, तेथील रक्ताचा प्रवाह तुटतो आणि कांहीं तासांतच ती मरूं लागते. हाच शय्याव्रण. तो टाळण्यासाठीं, ज्याला आपण होऊन हलतां येत नाहीं अशा रोग्याची कूस साधारणतः दर दोन तासांनीं बदलावी असा प्रघात आहे. चौदांपैकीं सातच जण असे धरले, तरी बारा तासांच्या रात्रींत बेचाळीस वेळां कूस बदलावी लागेल. प्रत्येक वेळीं ओलें वस्त्र बदलणें व घोटभर पाणी पाजणें धरून दहा मिनिटें मोजलीं, तर सात तास एवढ्यांतच गेले. आणि हें काम वस्तुतः दोघांचें आहे. एकटीनें ओढून सरकविल्यानें कातडी आणखीच सोलवटते. मावशींनीं कितीही जीव टाकला असता तरी तें साधणारें नव्हतें.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या शुश्रूषेवरील पुस्तकांत शय्याव्रणाचा दोष बहुधा रोगाकडे नसून शुश्रूषेकडे असतो, असें प्रतिपादन केलें आहे. कांहीं जर्जर रोग्यांना सर्व काळजी घेऊनही व्रण होतात, हें आज वैद्यकास मान्य आहे. तथापि बहुतेक व्रण टाळतां येतात. म्हणून भेटीला गेल्यावर चादरीकडे पाहूं नये, पाठीकडे पाहावें. माकडहाड, खुबे आणि टांचा या तीन जागा प्रथम तपासाव्या. दाबून सोडल्यावरही लाली जात नसेल, तर तो व्रणाचा आरंभ समजावा. सांवळ्या कातडीवर लाली ओळखूं येत नाहीं. तेथें ऊब, कठीणपणा किंवा दुखरेपणा हाताला जाणवतो.

दुसरी गोष्ट अन्नपाण्याची. वार्धक्यांत तहानेची जाणीव मंद होते; ‘मागतील तेव्हां देऊं’ असें म्हणणारे त्यांना नकळत तहानलेले ठेवतात. भरवितांना रोग्यास नीट बसतें करावें व नंतरही अर्धा तास तसेंच ठेवावें. निजल्या निजल्या घाईनें भरविलेला घांस श्वासनलिकेंत उतरून फुप्फुसाचा दाह होतो, आणि तो म्हाताऱ्या माणसास पुष्कळदां जिवावर बेततो.

तिसरी गोष्ट शांततेची. ‘आमच्याकडे अगदीं शांत असतात हो’ असें कोणी कौतुकानें सांगितलें, तर ती शांतता कशाची हें विचारावें. झोंपेच्या औषधाची असेल, तर तें कोणी व कशासाठीं लिहून दिलें? मनगटांवर वळ दिसत असतील, तर हात बांधले होते काय? पडूं नये म्हणून बांधलेला माणूस सुटण्याच्या धडपडींत अधिकच जखमी होतो. पडणें टाळावयाचें तर न्हाणीघरांत धरावयास दांडा, पायाखालीं न घसरणारी फरशी व रात्रभर जळणारा दिवा हवा. गुळगुळीत संगमरवराचें आपण कौतुक करतों. म्हाताऱ्या पायांना तो शत्रूच आहे.

चौथी गोष्ट आगीची. ९ जानेवारी १९२१ नव्हे, अगदीं अलीकडे, ९ जानेवारी २०२१ रोजीं भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयांत पहाटेच्या आगींत दहा अर्भकें दगावलीं. ज्यांना स्वतः चालतां येत नाहीं, त्यांना बाहेर कोणी काढावयाचें आणि कोणत्या दारानें, हें आधींच ठरलेलें असावें लागतें. दुसरें दार आहे काय, आणि त्याला कुलूप तर नाहीं ना, हें स्वतः जाऊन पाहावें.

कायदा आपल्या बाजूस नाहीं असें नाहीं. आपल्याकडे शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून आहे. २०२१ च्या सुधारित नियमांनीं रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागीं लावणें आवश्यक केलें आहे. मात्र ‘वृद्धाश्रम’ अशी पाटी लावून आजारी माणसें ठेवून घेणाऱ्या जागाही आहेत. तेव्हां नोंदणीचा दाखला पाहावयास मागण्यांत संकोच धरूं नये. अमेरिकेंत १९८७ च्या कायद्यानें अशा गृहांची तपासणी पूर्वसूचना न देतां व्हावी असें ठरविलें. त्यांतील मर्म आपल्यालाही उचलतां येईल. पूर्वसूचनेवांचून जाणारा तपासनीस म्हणजे आपणच. महिन्यांतून एकदां तरी अवेळीं जावें, रात्रीं जावें.

जातांना मात्र फौजदारासारखें जाऊं नये. रोग्यांची घाण काढणें हें काम आपल्या समाजानें फार काळ हलकें मानलें. १९०९ सालीं पुण्यास सेवासदन स्थापणाऱ्या रमाबाई रानडे यांनीं स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविलें, तेव्हां पांढरपेशा घरांतून नाकें मुरडलीं गेलींच. आज तें काम करणाऱ्या मावशीचें नांव आपण विचारतों काय? तिला बारा तासांत बसावयास मिळतें काय? मालकाला ‘रात्रीं आणखी एक बाई ठेवा, त्याचा वाढीव खर्च आम्ही सोसूं’ असें म्हणावयाची आपली तयारी आहे काय? रोग्याची सुरक्षितता या प्रश्नांच्या उत्तरांत आहे.

सासूबाईंना आम्हीं दुसऱ्या आठवड्यांत घरीं आणलें. हवेची गादी घेतली, दिवसा-रात्रीसाठीं दोन बायका ठेवल्या, आणि ती रुपयाएवढी जखम भरून यावयास साडेतीन महिने लागले. त्यानंतर त्या दीड वर्ष होत्या. त्या रात्रीबद्दल त्यांनीं मला कधीं बोल लावला नाहीं. एकदां मात्र मी कुशीवर वळवीत असतां म्हणाल्या, “तूं रविवारीं यायचीस, तेव्हां मला सकाळपासून आवरून ठेवीत असत. मला वाटे, तूं एकदां तरी अशीच अचानक यावीस.” वाचकभगिनींनो, हें वाक्य आपणां कोणास ऐकावें लागूं नये, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.