ग्राहकाचे नाव कोणाच्या वहीत?

कापड, किराणा किंवा भांड्यांचा व्यवसाय तीन-तीन पिढ्या करणाऱ्या अनेक घरांत सध्या एक नवा संवाद ऐकू येतो. मुलगी किंवा सून म्हणते, "पप्पा, दुकानात दिवसाला पन्नास गिऱ्हाइके येतात, फोनवर सारा देश आपले दुकान पाहील." गादीवरचे वडील विचारतात, "पाहील गं, पण ते गिऱ्हाईक पुन्हा येईल का?" प्रश्न जुन्या वळणाचा वाटतो, परंतु ऑनलाइन व्यापाराचे सारे गणित नेमके याच प्रश्नापाशी अडते.

ते गणित कागदावर मांडूनच पाहावे. समजा, एक साडी १,२०० रुपयांना विकली जाते. तिची खरेदी ७०० रुपये; पॅकिंग आणि कुरिअर १०० रुपये. कर बाजूला ठेवला, तर ४०० रुपये उरतात. मात्र अनोळखी ग्राहकाची एक ऑर्डर मिळविण्यासाठी जाहिरातीवर ३०० रुपये खर्च होतात. शंभर ऑर्डरी आल्या आणि माल हाती पडल्यावर पैसे देण्याच्या सवलतीमुळे वीस पार्सले दारातूनच परत आली, तर काय होते? ऐंशी साड्यांवर ३२,००० रुपये सुटले. जाहिरातीचे ३०,००० गेले. परत आलेल्या पार्सलांच्या पॅकिंगचे आणि दुहेरी कुरिअरचे, प्रत्येकी १८० प्रमाणे, ३,६०० गेले. विक्री ९६,००० रुपयांची आणि तोटा १,६०० रुपयांचा!

आता याच ऐंशी ग्राहकांपैकी केवळ वीस जणी सहा महिन्यांत आपण होऊन पुन्हा आल्या आणि त्यांनी पैसे आगाऊ भरले, असे धरू. त्यांच्यासाठी जाहिरात नाही, परतीचे कुरिअर नाही. ८,००० रुपये सुटतात आणि तोट्याचे खाते ६,४०० रुपयांच्या नफ्यात येते. पहिली विक्री ही बहुधा केवळ ओळख करून घेण्याची किंमत असते. धंदा दुसऱ्या विक्रीपासून सुरू होतो. हे ध्यानी न घेता घरातील मुदत ठेव मोडून तिची रक्कम जाहिरातीत ओतणारे तरुण थोडे नाहीत.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवर माल ठेवला की हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. तेथे वर्दळ तयार असते हे खरे, आणि नव्या मालाची ओळख करून देण्यास ती उपयोगीही पडते. परंतु तेथे खरेदी करणाऱ्याच्या लक्षात बाजारपेठेचे नाव राहते, विक्रेत्याचे क्वचितच. ग्राहकाशी पुढे स्वतंत्रपणे संपर्क ठेवण्याची मुभाही विक्रेत्याला सहसा नसते. उद्या कमिशन वाढले किंवा शेजारच्या विक्रेत्याने दहा रुपये कमी केले, तर वर्षभराची मेहनत एका दिवसात दुसऱ्याकडे वळते. जुन्या भाषेत सांगायचे, तर गिऱ्हाईक दुसऱ्याच्या चोपड्यात लिहिलेले असते.

आपला चोपडा आपणच लिहिण्याचे उदाहरण मुंबईतच आहे. सुजाता आणि तानिया बिस्वास या दोन भगिनींनी २०१६ मध्ये प्रत्येकी तीन लाख रुपये घालून 'सुता' हा साड्यांचा ब्रँड सुरू केला. दोघीही अभियांत्रिकी आणि व्यवस्थापन शिकलेल्या. घरात कापडाची पेढी नव्हती. नाव दोघींच्या नावांच्या आद्याक्षरांवरून घेतले आणि त्यात सुताचाही अर्थ आला. मलमलची साधी, रोज नेसता येईल अशी साडी त्यांनी निवडली. आरंभी महागड्या मॉडेल न घेता त्या स्वतःच साड्या नेसून छायाचित्रात उभ्या राहिल्या. साड्यांना नावे दिली, विणकरांविषयी लिहिले. साडी घेणारी स्त्री मग 'निळी मलमल' मागत नाही. ती त्या साडीचे नाव घेऊन मागते. हे दिसते तेवढे किरकोळ नाही. नाव असलेल्या वस्तूची शेजारच्या वस्तूशी नुसत्या भावावर तुलना करणे अवघड होते.

सवलतीने मात्र असे नाते जुळत नाही. निम्म्या किमतीला आलेला ग्राहक पुढच्या वेळी निम्म्या किमतीचीच वाट पाहतो. पूर्ण किंमत देणाऱ्या जुन्या ग्राहकाला आपण फसलो असे वाटते, ते वेगळेच. एकच भाव राखणाऱ्या पेढ्यांच्या वारसांना हे कोणी शिकवावे लागू नये. तरीही सणासुदीला मोह होतोच.

अधिक परिणाम होतो तो लक्षात ठेवण्याचा. घरगुती खाखऱ्याचा व्यवसाय घ्या. पर्युषणात ज्या घरी हिरवे वर्ज्य असते, त्या घरी त्याच आठवड्यात मेथीच्या खाखऱ्याची जाहिरात गेली, तर विक्रेत्याला आपण कोण हे ठाऊक नाही, एवढेच त्या घराला कळते. उलट, कोणत्या घरी कांदा-लसूण चालत नाही, कोणाचा मुलगा परगावी शिकतो म्हणून पाकीट वसतिगृहाच्या पत्त्यावर जाते, एवढी नोंद साध्या वहीतही राहू शकते. त्यासाठी महागडी संगणक प्रणाली नको.

खरी कसोटी चूक झाल्यावर लागते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे बंधनकारक आहे. ग्राहकाचे सोंग घेऊन स्वतःच्याच मालाची स्तुती लिहिण्यासही हे नियम मनाई करतात. हा कायद्याचा किमान दर्जा झाला. रंग गेलेल्या साडीची तक्रार आल्यावर 'आधी फोटो पाठवा, मग पाहू' असे म्हणणारा आणि त्याच दिवशी दुसरी साडी रवाना करणारा, हे दोघेही कायद्यात बसतात. दुसऱ्याचे आठशे रुपये जातात. पण हे आठशे रुपये आणि जाहिरातीचे तीनशे यांत अधिक टिकाऊ खर्च कोणता, हे वर्षअखेरीस कळते. गंमत अशी की, लेखा मानक २६ प्रमाणे स्वतः कमावलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवताच येत नाही. पेढीची सर्वांत मोलाची वस्तू तिच्या कागदोपत्री शून्य असते!

ग्राहक किती हवेत? अमेरिकन लेखक केव्हिन केली यांनी २००८ मध्ये एका निबंधात हजार निष्ठावंत चाहत्यांचा हिशोब मांडला: प्रत्येकाकडून वर्षाला शंभर डॉलर सुटले, तर एक लाख डॉलर होतात. आपल्याकडे आकडे निराळे येतील, पण हजार ही संख्या ध्यानात ठेवण्याजोगी आहे. गावातल्या चांगल्या दुकानाची कायमची गिऱ्हाइकेही साधारण याच घरातली असतात.

त्यांची सुरुवात पुष्कळदा वडिलांच्या डायरीतच सापडते. मात्र ते सारे क्रमांक न विचारता संदेशांच्या यादीत टाकणे उचित नाही. आधी फोन करून संमती घ्यावी. शिवाय व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीची एक अट आहे: ज्याने पेढीचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच संदेश पोहोचतो. मुलीने दोनशे जणांना नव्या मालाचा संदेश पाठवावा आणि तो कितींना पोहोचला हे वडिलांनी संध्याकाळी तिच्याशेजारी बसून मोजावे.