अहवाल संपतो, हंगाम सुरू होतो

लेखांक सातवा : सल्लागारीतून उद्योगात

सल्लागार कंपन्यांत तरुण मुले काय शिकतात, ते मागच्या लेखांकात पाहिले. आता त्यापुढचा टप्पा. पाच-सात वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांना सल्ला दिल्यावर त्यांतल्या पुष्कळांना एकाच कंपनीत रुजू व्हावेसे वाटू लागते. मग ती चाकणची असो, नाहीतर सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतली. या बदलाची चर्चा बहुधा पगार, हुद्दा आणि कमी होणारा प्रवास एवढ्यातच फिरते. माझ्या मते खरा बदल वेगळाच आहे, आणि तो आधी ध्यानात आला नाही तर हुशार माणूसही दुसऱ्या वर्षी हताश होतो. सल्लागाराची जबाबदारी अहवालाबरोबर संपते. उद्योगातल्या माणसाची जबाबदारी मात्र दर हंगामाला नव्याने सुरू होते. याचे सर्वांत बोलके उदाहरण पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठी आहे.

धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे 1930 पासूनचे संचालक. फळबाजार, शेतीचा हिशेब, शेतकऱ्यांचे कर्ज अशा विषयांची पाहणी करायची आणि आकड्यांवरून निष्कर्ष काढायचे, हे त्यांचे काम. अहमदनगर जिल्ह्याशी त्यांचा संबंध आला तोही पाहणीतूनच. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी फिरले, आणि 1932 मध्ये साखरधंद्याला सरकारी संरक्षण मिळाल्यावर हरिगाव, टिळकनगर, साकरवाडी या भागांत खाजगी कारखानदारी बळावली. कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवला. ज्यांनी जमीन स्वतःकडे ठेवली ते गुऱ्हाळे चालवत आणि गुळाच्या पडत्या भावात कर्जबाजारी होत. पाणी आले तर लाभ कुणाला आणि किती झाला, हा प्रश्न गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीत हाती घेतला. तिचे पुस्तक 1948 साली निघाले. कालव्याचा लाभ केवळ पाणीपट्टीत मोजू नये. उत्पन्न, रोजगार, व्यापार यांवरचे अप्रत्यक्ष परिणामही हिशेबात धरावेत, हा त्या अभ्यासाचा गाभा. त्याच 1948 सालच्या डिसेंबरअखेर लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली, आणि अध्यक्षपद आले ते गाडगीळांकडे. पहिला गाळप हंगाम 1950-51 चा. पुढे जवळपास दशकभर ते त्या खुर्चीत होते.

या खुर्चीत बसल्यावर काय बदलले? ज्ञान तेच होते, पण आकड्यांचा स्वभाव पालटला. पाहणी करणारा माणूस सरासरीवर जगतो; शंभर शेतांपैकी पाच बुडाली तरी त्याचा निष्कर्ष टिकतो. कारखान्याला असा दिलासा नसतो. तोडलेला ऊस फडात किंवा गाडीवर पडून राहिला की त्यातली साखर तासागणिक घटते, म्हणून तोडणी आणि गाळप यांचा मेळ रोज बसावा लागतो. दिवसाला 500 टन गाळणारा कारखाना धरा. दहा टक्के उतारा असेल तर 50 टन साखर मिळते. उतारा अर्ध्या टक्क्याने घसरला तर रोज अडीच टन साखर गेली, आणि दीडशे दिवसांच्या हंगामात 375 टन. अहवालात अर्धा टक्का ही किरकोळ तफावत ठरते. कारखान्यात त्याच अर्ध्या टक्क्यातून बँकेचा हप्ता आणि सभासदाचा ऊसदर निघायचा असतो. शिवाय सहकारी कारखान्यात आज सगळे पैसे वाटायचे की ठेवीपोटी काही कापून कर्ज फेडायचे, हा दरवर्षीचा वाद. भांडवल हवे हे कागदावर सिद्ध करणे सोपे. ते ज्याच्या उसाच्या बिलातून कापायचे त्याला समोर बसवून पटवणे हे वेगळेच काम आहे, आणि ते करणाऱ्याला सभा संपल्यावर पुण्याची गाडी पकडून विषय मिटला असे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गाडगीळांनी नोकरी कुठे बदलली? संस्थेचे संचालकपद त्यांनी 1966 पर्यंत सोडले नव्हते. त्यांचे उदाहरण आजच्या कन्सल्टंटला कसे लागू पडावे? माझे म्हणणे असे की पगार कुठून येतो यावरून हा बदल मोजणेच चूक आहे. एखादा माणूस सल्लागार कंपनी सोडून मोठ्या उद्योगाच्या ‘स्ट्रॅटेजी’ विभागात जातो आणि तिथेही संचालक मंडळापुढे सादरीकरणेच करत राहतो. त्याचा मालक बदलला, काम बदलले नाही. उलट गाडगीळांचा मुख्य पत्ता पुण्याचाच राहिला, पण कर्ज, यंत्रे, ऊसदर यांच्या निर्णयांवर अध्यक्ष म्हणून त्यांचे नाव लागले. चुकीची किंमत कोण मोजतो, ही या बदलाची खरी खूण. नोकरी पक्की करण्याआधी हे विचारून घ्यावे. हुद्द्याचे नाव नंतर पाहता येईल.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कारखाना उभा केला तो विखे पाटलांनी, गावोगाव फिरून भागभांडवल गोळा केले तेही त्यांनीच. मग गाडगीळांना एवढे श्रेय कशाला? श्रेय वाटण्याचा इथे हेतूच नाही. विखे पाटलांची गावातली पत ही काही भाषणातून आली नव्हती. 1923 मध्येच त्यांनी लोणीत सहकारी पतपेढी उभी केली होती. कोणत्या गावात कोणाचे ऐकले जाते, कोणाचा ऊस वेळेवर येईल, कोण शब्द पाळील, हे कोणत्याही पाहणीत सापडत नाही. दुसरीकडे सरकार, सहकारी बँक आणि औद्योगिक वित्त महामंडळ यांच्यापुढे शेतकऱ्यांचा कारखाना हा भरवशाचा व्यवहार म्हणून मांडायला गाडगीळ आणि सहकारी चळवळीतले नेते वैकुंठभाई मेहता यांच्यासारख्यांचा शब्द लागत होता. गाडगीळ केंब्रिजला शिकलेले आणि विखे पाटील गावच्या शाळेत जेमतेम शिकलेले, पण कारखान्याला दोघांचीही गरज होती. सल्लागारीतून आलेला माणूस बहुतेकदा अडखळतो तो इथेच. तो आपल्याबरोबर उत्तरे आणतो, आणि कारखान्यात वीस वर्षे काढलेल्या शेतकी अधिकाऱ्याकडे किंवा चिटबॉयकडे निव्वळ माहिती देणारा म्हणून पाहतो. त्याने आणावी ती प्रश्न विचारण्याची शिस्त. उत्तरांसाठी त्याला विखे पाटील शोधावे लागतात.

उद्योगात गेल्याने तटस्थ नजर बोथट होते, असेही म्हटले जाते. काही प्रमाणात ते खरे आहे. स्वतःच्या कारखान्याचा विषय निघाला की कोणाचेही मन एका बाजूला झुकते. पण आतल्या अनुभवाने सल्ला सुधारतोही. ग्रामीण पतपाहणी समितीने 1954 मध्ये सहकारी संस्थांच्या भागभांडवलात राज्याने वाटा उचलावा अशी शिफारस केली. गाडगीळ त्या समितीचे सदस्य होते, आणि प्रवरेत राज्य सरकारचे भागभांडवल त्याआधीच आलेले होते. एवढ्यावरून कार्यकारण सिद्ध होत नाही. तरीही ती शिफारस करणाऱ्यांपैकी एकजण अशी भागीदारी प्रत्यक्ष चालवत होता, ही गोष्ट मला मोलाची वाटते. परदेशातले उदाहरण लू गर्स्टनरचे. मॅकिन्झीतून 1978 मध्ये तो अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये गेला. 1993 मध्ये आयबीएमचा प्रमुख झाला तेव्हा कंपनीचे तुकडे करावेत असा विचार प्रबळ होता. त्याने ती एकसंध ठेवली. अमेरिकन एक्स्प्रेसमध्ये असताना आयबीएमचा मोठा ग्राहक म्हणून त्याने तिची यंत्रे वापरून पाहिली होती, आणि असा अनुभव बाहेरच्या सल्लागाराच्या हाती क्वचितच लागतो.

म्हणून या वाटेने निघालेल्यांना माझे सांगणे असे की ज्या क्षेत्राचे आकडे आपण आधी हाताळले आहेत तिथेच जा, जसे गाडगीळ कालव्यांच्या पाहणीनंतर त्याच कालव्यांच्या मुलखात गेले. आणि निदान इतके थांबा की आपल्याच निर्णयाचे फळ आपल्यालाच पाहता येईल. हा काळ बहुतेकांच्या अंदाजापेक्षा मोठा असतो. जुलै-ऑगस्टमध्ये केलेली आडसाली उसाची लागण येणाऱ्या हंगामात गाळपाला येत नाही. ती येते त्यापुढच्या हंगामात, साधारण सोळा-अठरा महिन्यांनी. सल्लागार कंपनीत तेवढ्या अवधीत चार-पाच प्रकल्प उरकतात आणि बढतीही मिळून जाते. इथे तेवढ्या अवधीत एका लागणीचा उतारा कळतो, आणि खोडव्याचे काय करायचे हा प्रश्न तेव्हा कुठे समोर येतो.