उपाहारगृहांची प्रतवारी आणि पर्यावरण

विद्यार्थी मित्रहो, गुणदानाचे मर्म तुमच्याइतके कोण जाणतो? जे प्रश्नपत्रिकेत विचारले जाते, त्याचेच गुण मिळतात. उपाहारगृहांच्या प्रतवारीसही हाच नियम लागू पडतो. म्हणून तिची प्रश्नपत्रिका आज आपण तपासून पाहू.

फ्रान्समधील मिशलिन या टायर बनविणाऱ्या कंपनीने १९०० साली प्रवाशांसाठी मार्गदर्शिका काढली. १९२६ पासून तीत तारे झळकू लागले. ते केवळ पाककौशल्याचे. पर्यावरणाची जपणूक करणाऱ्यांसाठी ‘हरित तारा’ आला तो २०२० साली, आणि तोही मार्गदर्शिकेत आधीच स्थान मिळालेल्यांसाठीच. ज्यास परीक्षेस बसूच दिले नाही, तो उत्तीर्ण कसा व्हावा?

आपल्याकडे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण उपाहारगृहांना स्वच्छतेची श्रेणी देते. ती आवश्यकच आहे. परंतु अन्न किती वाया गेले, हा तिचा मुख्य प्रश्न नव्हे. पर्यटन मंत्रालयाच्या तारांकित हॉटेलांच्या निकषांत सांडपाणी शुद्धीकरण व पर्जन्यजलसंचय यांचा समावेश आहे, हे स्वागतार्ह होय. मात्र यंत्रणा बसविणे आणि अपव्यय टाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली पैशाने साधते, दुसरी सवयीने.

आता आपल्या लष्करातील एखादे कचोरीचे दुकान डोळ्यांसमोर आणा. पानांचा द्रोण, बेताचा घाणा, दुपारपर्यंत कढई रिकामी. या काटकसरीची नोंद कोणत्याही ताऱ्यात होत नाही. तथापि लहान म्हणून त्यास सूट द्यावी, असे माझे म्हणणे नाही. वारंवार तापविलेल्या तेलात ध्रुवीय संयुगे वाढतात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाल्यास ते तेल वापरण्यास २०१८ पासून मनाई आहे. हा नियम कढईस जितका, तितकाच मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यासही लागू आहे.

माझ्या मते न्याय्य प्रतवारीत चव, स्वच्छता आणि अपव्यय यांचे रकाने स्वतंत्र असावेत. आणि दर ग्राहकामागे किती पाणी, किती इंधन व किती उष्टे, एवढेच तिसऱ्यात विचारावे. हे माप दुकानास व पंचतारांकित हॉटेलास सारखेच लावता येईल. सांक नदीवरील तिघरा जलाशयाचे पाणी पिणाऱ्या या नगरीस असा हिशेब परका वाटू नये. जलाशयाची पातळी खालावते तेव्हा ती कोणाच्या दारावर किती तारे आहेत, हे पाहत नाही.