नाव नसलेल्या दगडांची नोंद

सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला हजारो गोंड भाविक येतात. याच गोंड समाजात, विशेषतः दक्षिणेला गडचिरोलीच्या भामरागड भागातील माडियांमध्ये, मृताच्या स्मरणार्थ उभा दगड रोवण्याची जुनी प्रथा आहे. शेजारच्या बस्तरमधील अशी स्मारके ब्रिटिश प्रशासक ग्रिगसन यांनी १९३८च्या आपल्या ग्रंथात नोंदवली.

अशा दगडांची नोंद करणे कठीण; ख्रिस्ती दफनभूमीतल्या नोंदी तुलनेने सोप्या. तिथे नाव आणि तारीख कोरलेली असते. भारतीय उपखंडातल्या युरोपीय दफनभूमींसाठी १९७६मध्ये ब्रिटनमध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे स्वयंसेवक असे लेख उतरवून घेतात. माडियांच्या दगडांवर बहुधा अक्षर नसते. दगड कोणाचा, कोणी उभारला, हे घरच्या वडीलधाऱ्यांनाच ठाऊक; ती पिढी गेली की दगड अनोळखी होतो. म्हणून इथे मोजपट्टीआधी माणसे गाठावीत, असे मला ठामपणे वाटते. कुटुंबाची आणि गावाची परवानगी घ्यावी, सांगणाऱ्याच्याच बोलीत माहिती ध्वनिमुद्रित करावी.

मग उंची, रुंदी, दिशा आणि चारही बाजूंची छायाचित्रे. कोरीव काम असेल तर सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते स्पष्ट दिसते. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडू फासू नये, तारेचा ब्रश किंवा आम्ल तर मुळीच वापरू नये. शेवाळ काढतानाही पृष्ठभाग झिजतो. पडलेला दगड स्वतःहून उभा करू नये, आणि नोंदीची एक प्रत गावातच ठेवावी.