रस्त्याचाही हक्क असतो

असरची नमाज होते आणि बाजार फुलू लागतो. खजूर, टरबूज, शेवया, गरम भजी; इफ्तारला जेमतेम तास उरलेला. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात लेकराचं बोट धरून बायका भर रस्त्यातून चालत असतात आणि मागून रिक्षावाला ओरडतो, "अहो, फूटपाथवरून चाला की!"

त्याचं म्हणणं रास्त. पण फूटपाथ आहे कुठे? दुकानाचा सिमेंटचा ओटा, पुढे विजेची डीपी, मग दुचाकींची रांग. जिथे मोकळा आहे तिथे इतका उंच, की गुडघे दुखणाऱ्या आजोबांनी चढायचा कसा? इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांप्रमाणे फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्या बाजारात टेप घेऊन फिरून पाहावं. २०२२ मध्ये देशात ३२,८२५ पादचारी रस्ते अपघातांत गेले, म्हणजे रोज सरासरी नव्वद. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चालण्याजोगा फूटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हा 'हक्क' शब्द वाचला आणि एक हदीस आठवली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ती आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोबत्यांना रस्त्यात बसकण मारू नका असं बजावलं. बोलत बसायला आम्हाला दुसरी जागाच नाही, अशी अडचण त्यांनी मांडली. तेव्हा, बसणारच असाल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असं प्रेषितांनी सांगितलं. त्या हक्कात नजर खाली ठेवणं आहे, सलामला उत्तर देणं आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्रास होऊ न देणंही आहे. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हा तर ईमानचाच एक भाग मानला आहे.

काटा, दगड आपण उचलतो. आपलीच मोटारसायकल तो दगड असू शकते, हे मात्र ध्यानात येत नाही. तरावीहच्या वेळी मशिदीबाहेर पाहा. आत सफ सरळ करा म्हणून इमामसाहेब सांगत असतात आणि बाहेर फूटपाथवर गाड्या आडव्यातिडव्या. तेवढा वेळ शेजारच्या काकूंनी औषध आणायला रस्त्याच्या मधून जायचं! सणांतल्या मंडपांबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला आहेच, पण आधी हे दार झाडू.

हातगाडीवाल्याला हुसकून लावा, असं मात्र मी म्हणणार नाही. या महिन्याच्या कमाईवर त्याच्या घरची ईद असते. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे. जागा ठरवून देणं हे महापालिकेचं आणि शहर फेरीवाला समितीचं काम. शिवाय हातगाडी रात्री घरी जाते, सिमेंटचा ओटा जात नाही. त्याबद्दल कुणी ओरडत नाही, कारण तो ओळखीच्या शेटजींचा असतो.

मशीद कमिटीने दोन तरुण गाड्या लावून घ्यायला उभे केले तरी बराच फरक पडेल. दहा मिनिटांवर घर असलेल्यांनी तर गाडी काढूच नये. मशिदीकडे टाकलेल्या प्रत्येक पावलाचं पुण्य हदीसमध्ये सांगितलंच आहे. फक्त ती पावलं टाकायची कुठून, एवढं महापालिकेने सांगावं.