काटकोनासारखा दिसणारा त्रिकोण

खराट्याचे तीन हीर घ्या. दोन हीर प्रत्येकी १२ सेंटिमीटर आणि तिसरा १७ सेंटिमीटर लांबीचा कापा. टोकाला टोक जुळवून त्यांचा त्रिकोण मांडा. दोन बाजू समान, म्हणून हा समद्विभुज त्रिकोण झाला. पण कोनांवरून त्याचा प्रकार कोणता? समान बाजूंमधला कोन मोजा. तो ९० अंशांच्या आसपास भरेल आणि तुम्ही म्हणाल, हा तर काटकोन त्रिकोण!

तसे नाही. १२, १२ आणि १७ या बाजूंचा त्रिकोण विशालकोन असतो. त्याचा मोठा कोन ९० अंशांहून सुमारे ०.२ अंशाने मोठा आहे. कंपासपेटीतल्या कोनमापकाला एवढा फरक कळणार कसा? (शिवाय हीर कापताना अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते, आणि इथे तर ०.३ मिलिमीटरनेच सारे बिघडते.) तेव्हा निर्णय मोजून नव्हे, आकडेमोडीने करायचा.

समान बाजूंचे दोन हीर एका टोकाशी बिजागरीने जोडले आहेत अशी कल्पना करा. कोन जसजसा उघडाल, तसतसे मोकळ्या टोकांमधील अंतर वाढत जाईल. कोन बरोबर ९० अंशांचा झाला, की पायथागोरसच्या प्रमेयानुसार त्या अंतराचा वर्ग १४४ + १४४ = २८८ होतो. आपल्या तिसऱ्या बाजूचा वर्ग आहे २८९. एकाने का होईना, जास्त! म्हणजे कोन काटकोनाच्या पुढे गेलाच पाहिजे.

ही कसोटी प्रत्येक त्रिकोणाला लागू पडते. सर्वांत मोठ्या बाजूचा वर्ग इतर दोन बाजूंच्या वर्गांच्या बेरजेहून मोठा असेल तर त्रिकोण विशालकोन, तेवढाच असेल तर काटकोन, लहान असेल तर लघुकोन. ४, ५, ६ घेतले तर ४१ विरुद्ध ३६, म्हणून लघुकोन. ४, ५, ७ घेतले तर ४१ विरुद्ध ४९, म्हणून विशालकोन. बांधकामावरचा गवंडी ३, ४, ५ फुटांची मापे घेऊन भिंतींचा कोपरा काटकोनात आणतो, तो याच आधारावर.

बाजूंवरून तीन प्रकार, कोनांवरून तीन. मग जोड्या नऊ व्हायला हव्यात. प्रत्यक्षात सातच होतात. समभुज त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो, त्यामुळे तो काटकोन किंवा विशालकोन होऊच शकत नाही. समद्विभुज आणि विषमभुज त्रिकोणांना मात्र तिन्ही रूपे घेता येतात. कंपासपेटीतले दोन गुण्येच पाहा: एक समद्विभुज काटकोन, दुसरा विषमभुज काटकोन.

त्या समद्विभुज गुण्याची एक गंमत आहे. त्याच्या तिन्ही बाजू पूर्ण सेंटिमीटरमध्ये कधीच येत नाहीत, कारण एका पूर्ण संख्येचा वर्ग दुसरीच्या वर्गाच्या बरोबर दुप्पट असूच शकत नाही. जवळपास मात्र पोचता येते. २९, २९ आणि ४१ या बाजूंचा त्रिकोण कोणत्या प्रकारचा, हे आता कोनमापक बाजूला ठेवून ठरवा.