एमबीएच्या वर्गात नेमकं काय शिकतात? सहा गैरसमज आणि वस्तुस्थिती

दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस ‘कॅट’ होते आणि त्यानंतर महाराष्ट्रात एमबीए-एमएमएसच्या सीईटीचे वेध लागतात. कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अशा सगळ्या शाखांचे पदवीधर या परीक्षांना बसतात. घराघरांत फीची आणि ‘पॅकेज’ची चर्चा होते. वर्गात दोन वर्षं काय शिकवलं जातं, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. ही जागा मग ऐकीव गोष्टी भरून काढतात. त्यांतल्या काही बाहेरच्या लोकांनी पसरवलेल्या असतात, तर काही खुद्द व्यवस्थापनाच्या वर्गांतून आणि कॉर्पोरेट कार्यशाळांतून आलेल्या असतात. व्यवस्थापन ही पुरावा तपासून निर्णय घ्यायची विद्या आहे. तेव्हा तिच्याबद्दलच्या समजुतींनाही तीच कसोटी लावायला हवी.

गैरसमज १: व्यवस्थापन शिकून येत नाही, ते रक्तातच असावं लागतं

पिढीजात धंदा असलेल्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. या समजुतीची शास्त्रीय परीक्षा झाली, आणि तीही मुंबईच्या जवळच. पालघर जिल्ह्यातलं तारापूर आणि सीमेपलीकडचं गुजरातमधलं उंबरगाव इथल्या कापड विणणाऱ्या १७ कंपन्यांमध्ये २००८ साली एक प्रयोग सुरू झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि त्यांचे सहकारी अर्थतज्ज्ञ यांनी तो आखला होता.

कारखान्यांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्यात आले. दोन्हीकडे सल्लागारांनी महिनाभर पाहणी करून सुधारणा सुचवल्या. एका गटाला मात्र त्या प्रत्यक्षात आणण्यासाठी आणखी चार महिने मदत मिळाली. सुचवलेल्या गोष्टी साध्या होत्या. कापडातल्या दोषांची प्रकारवार नोंद ठेवायची आणि ती रोजच्या बैठकीत पाहायची. गोदामातल्या सुताची मोजदाद ठेवायची. यंत्र बिघडल्यावर धावपळ करण्याऐवजी देखभालीचं वेळापत्रक पाळायचं. दोषांच्या नोंदी आधीही होत होत्या, पण त्या गिऱ्हाइकाची तक्रार आली तर हाताशी असाव्यात म्हणून. दोष का येतो, हे त्या नोंदींवरून कोणी शोधत नव्हतं.

पहिल्याच वर्षात, मदत मिळालेल्या कारखान्यांची उत्पादकता दुसऱ्या गटाच्या तुलनेत १७ टक्क्यांनी वाढली. माग तेच, कामगार तेच आणि मालकही तेच होते. मालकांनी हे आधी का केलं नव्हतं? काहींना या पद्धती ठाऊकच नव्हत्या. काहींना त्या ठाऊक होत्या, पण आपल्या धंद्यात त्यांचा फायदा होणार नाही असं वाटत होतं. म्हणजे उणीव माहितीची होती, आणि माहिती शिकता येते. प्रयोगानंतर जवळपास नऊ वर्षांनी संशोधक पुन्हा तिथे गेले, तेव्हा अंगीकारलेल्या पद्धतींपैकी सुमारे निम्म्या सुटलेल्या आढळल्या. त्या सुटण्याचं एक प्रमुख कारण होतं कारखान्याचा व्यवस्थापक बदलणं. तरीही दोन गटांतला फरक टिकून होता.

गैरसमज २: ‘ऑपरेशन्स’ म्हणजे कारखाना, तो इंजिनिअरांचा विषय आहे

एमबीएला मार्केटिंग घ्यायचं की फायनान्स, एवढ्यावरच पुष्कळांचा विचार थांबतो. ऑपरेशन्स म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रं येतात. वास्तविक माणसं, वस्तू किंवा कागद जिथे एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर जातात, तिथे ऑपरेशन्स असतंच. बँकेची रांग, विमानतळ, तहसील कचेरी, लग्नाचं जेवण या सगळ्यांना त्याचे नियम लागू पडतात.

यांतला एक नियम अमेरिकेतले प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केला. आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाने आत घालवलेला सरासरी वेळ. एखाद्या बाह्यरुग्ण विभागात तासाला २० रुग्ण येत असतील आणि प्रत्येकाचा दीड तास जात असेल, तर तिथे सरासरी ३० माणसं असणारच. खुर्च्या वाढवून गर्दी हटत नाही. ती १० वर आणायची असेल, तर प्रत्येकाचा वेळ अर्ध्या तासावर आणावा लागतो. त्यासाठी केसपेपरच्या खिडकीवर, डॉक्टरांच्या दाराशी आणि औषधांच्या रांगेत किती वेळ जातो, हे मोजावं लागतं.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने हा विचार किती दूर नेता येतो ते दाखवलं. सरकारी सेवेतून निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये ११ खाटांवर ते सुरू केलं. तिथे एका शस्त्रक्रियेच्या वेळीच शेजारच्या टेबलावर पुढचा रुग्ण तयार ठेवला जातो. तयारीची सगळी कामं प्रशिक्षित परिचारिका करतात, त्यामुळे सर्जनचा वेळ फक्त सर्जनलाच करता येईल अशा कामासाठी वापरला जातो. १९९२ मध्ये ‘ऑरोलॅब’ सुरू करून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची भिंगं स्वस्तात तयार करायला सुरुवात झाली. पैसे देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून गरिबांच्या शस्त्रक्रिया मोफत किंवा नाममात्र दरात होतात. हार्वर्ड बिझनेस स्कूलने या रुग्णालयावर लिहिलेली केस स्टडी जगभरातल्या वर्गांत शिकवली जाते.

गैरसमज ३: मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्स’ने सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं आहे

ही गोष्ट भाषणांत, पाठ्यपुस्तकांत आणि प्रशिक्षण शिबिरांत इतक्यांदा सांगितली जाते की ती तपासावी असं कोणाला वाटत नाही. ‘फोर्ब्स’ हे नियतकालिक आहे. सिक्स सिग्माची प्रमाणपत्रं देणं हे त्याचं काम नाही. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स ग्लोबल’मध्ये डबेवाल्यांवर एक लेख आला होता. चूक क्वचितच होते, फार तर दोन महिन्यांतून एखादी, असा अंदाज डबेवाल्यांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितला होता. त्यावरून लेखकाने ८० लाख डब्यांमागे एक चूक असं गणित मांडलं. सिक्स सिग्मा हा शब्द आपण वापरलाच नव्हता, असं त्या लेखकानेच पुढे स्पष्ट केलं. मोटोरोला कंपनीत १९८६ मध्ये आकाराला आलेली सिक्स सिग्मा ही प्रत्येक चूक मोजून प्रक्रियेतली तफावत कमी करत नेण्याची पद्धत आहे. दहा लाख संधींमागे ३.४ चुका हे तिचं प्रचलित लक्ष्य आहे. डबेवाल्यांच्या बाबतीत अशी मोजणी झालेली नव्हती.

डबेवाल्यांचं मोठेपण यामुळे कणभरही कमी होत नाही. उलट खोट्या प्रमाणपत्राच्या मागे त्यांची खरी कामगिरी झाकली जाते. हार्वर्डचे प्राध्यापक स्टीफन थॉमके यांनी त्यांच्यावर सविस्तर केस लिहिली आहे. थॉमके यांनी अभ्यास केला तेव्हा सुमारे ५,००० डबेवाले रोज १ लाख ३० हजारांहून अधिक डबे पोहोचवत आणि रिकामे डबे परत आणत होते. डब्याच्या झाकणावर मधोमध मोठ्या अक्षरात ज्या भागात डबा द्यायचा त्याचा आकडा असतो. कडेला इमारतीची खूण, मजला आणि डबा पोहोचवणाऱ्याचा संकेत असतो. रंगावरून डबा कुठून आला ते कळतं. तेवढ्यापुरतीच माहिती असल्यामुळे ती एका नजरेत वाचता येते. लोकल फलाटावर काही सेकंदच थांबते, त्यामुळे साऱ्या कामाला गाडीच्या वेळापत्रकाची शिस्त लागते. प्रत्येक गट आपला कारभार स्वतः पाहतो आणि अडचणीच्या वेळेसाठी काही माणसं राखून ठेवतो. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगाव या भागांतून आलेल्या, वारकरी संस्कारांत वाढलेल्या माणसांमधला विश्वास हा या व्यवस्थेचा पाया आहे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याने शिकायचं ते हे.

गैरसमज ४: संस्थात्मक बदलांचे ७० टक्के प्रयत्न फसतात, कारण माणसांना बदल नकोच असतो

बदलाच्या व्यवस्थापनावरचं सादरीकरण बहुधा या आकड्याने सुरू होतं. त्याचा माग काढला की वाट मायकल हॅमर आणि जेम्स चॅम्पी यांच्या १९९३ च्या पुस्तकापाशी पोहोचते. कंपन्यांच्या पुनर्रचनेचे ५० ते ७० टक्के प्रयत्न अपेक्षित फळ देत नाहीत, असं त्यांनी लिहिलं होतं, आणि हा अंदाज शास्त्रीय नाही हेही तिथेच नोंदवलं होतं. पुढे हॅमर यांनी त्याचा खुलासाही केला. तरी आकडा फिरतच राहिला. ब्रायटन विद्यापीठाचे मार्क ह्यूज यांनी २०११ मध्ये या दाव्याच्या पाच प्रसिद्ध उल्लेखांची छाननी केली, तेव्हा एकाच्याही मागे विश्वासार्ह पुरावा सापडला नाही.

राहिला प्रश्न माणसांचा. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि सदोष गाड्या यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तोच कारखाना ‘नुमी’ या नावाने पुन्हा उघडला. कामगारांमध्ये बहुसंख्य जुनेच होते आणि संघटनाही जुनीच होती. टोयोटाने शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला नेलं. काही चुकतंय असं दिसताच दोरी ओढून मदत मागायचा, आणि गरज पडली तर संपूर्ण लाइन थांबवायचा अधिकार प्रत्येक कामगाराला मिळाला. पूर्वी लाइन काही झालं तरी थांबवायची नाही, असा दंडक होता. थोड्याच काळात हा कारखाना अमेरिकेतल्या सर्वोत्तम कारखान्यांत गणला जाऊ लागला. आधीची अनास्था कामगारांच्या स्वभावात नव्हती. ती कामाच्या रचनेतून आलेली होती. जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत मात्र हे धडे पोहोचायला फार काळ लागला.

माणसांच्या प्रेरणेबद्दल हमखास दाखवल्या जाणाऱ्या, मानसशास्त्रज्ञ मॅस्लो यांच्या प्रसिद्ध ‘पिरॅमिड’चंही त्या ७० टक्क्यांच्या आकड्यासारखंच झालं आहे. गरजांचा सिद्धांत त्यांनी १९४३ मध्ये मांडला, पण तो त्रिकोण त्यांनी काढलेला नाही. व्यवस्थापनावर लिहिणाऱ्या इतरांनी तो नंतर जोडला.

गैरसमज ५: स्ट्रॅटेजी म्हणजे भविष्य ओळखणं

या समजुतीचा ठरलेला दाखला म्हणजे कोडॅक. कोडॅकला डिजिटल युग दिसलंच नाही आणि म्हणून ती बुडाली, असं सांगतात. प्रत्यक्षात डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या कोडॅकच्याच तरुण अभियंत्याने बनवला होता. पुढे कंपनीने डिजिटलमध्ये मोठी गुंतवणूक केली. २००५ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या विक्रीत ती आघाडीवर होती. तरीही जानेवारी २०१२ मध्ये तिला दिवाळखोरीसाठी अर्ज करावा लागला. फिल्मवर मिळणाऱ्या नफ्याइतका नफा कॅमेऱ्यांवर मिळत नव्हता, आणि काही वर्षांतच मोबाइलने कॅमेऱ्यांचीही जागा घेतली.

तिची जपानी स्पर्धक फुजीफिल्म हिच्यापुढेही हेच संकट होतं. शिगेताका कोमोरी यांच्या नेतृत्वाखाली तिने वेगळा प्रश्न विचारला: फिल्म बनवताना आपण कोणकोणत्या गोष्टींत तरबेज झालो? उत्तर होतं रसायनं, अतिशय पातळ थर आणि कोलॅजन. त्यातून एलसीडी पडद्यांसाठी लागणारी फिल्म, औषधं, वैद्यकीय उपकरणं आणि सौंदर्यप्रसाधनं असे व्यवसाय उभे राहिले. भविष्य दोघींनाही दिसत होतं. फरक पडला तो निवडीने. मायकल पोर्टर यांनी १९९६ च्या गाजलेल्या लेखात हेच मांडलं आहे: काम अधिक चांगलं करणं आवश्यक असलं, तरी ती स्ट्रॅटेजी नव्हे. काय करायचं नाही हे ठरवणं हा तिचा गाभा आहे.

गैरसमज ६: एमबीए म्हणजे मोठ्या कंपनीत मोठं पॅकेज

व्यवस्थापन शिकलेल्यांची गरज फक्त कॉर्पोरेट क्षेत्रालाच आहे असं नाही. वर्गीज कुरियन यांनी १९७९ मध्ये आणंदला ‘इर्मा’ उभारली, ती ग्रामीण आणि सहकारी संस्थांना व्यावसायिक व्यवस्थापक मिळावेत म्हणून. पुण्याची वैकुंठ मेहता राष्ट्रीय सहकारी व्यवस्थापन संस्था सहकारासाठीच काम करते. साखर कारखाने, दूध संघ, नागरी बँका आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांचं जाळं असलेल्या महाराष्ट्राला अशा माणसांची नितांत गरज आहे.

पॅकेजच्या जाहिरातींत ‘सरासरी’ ठळक छापलेली असते. समजा, १० विद्यार्थ्यांपैकी नऊ जणांना वर्षाला ६ लाख मिळाले आणि एकाला ६० लाख. सरासरी होते ११ लाख ४० हजार, जी दहापैकी एकालाही मिळालेली नाही. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ६ लाखच राहतो. विद्यार्थ्यासाठी महत्त्वाचा आकडा तो आहे.

पदवी आणि पदविकेबद्दलही असाच गोंधळ असतो. २०१७ चा आयआयएम कायदा लागू होईपर्यंत आयआयएमसुद्धा पदविकाच देत असत. त्यामुळे ‘पीजीडीएम’ या नावावरून दर्जा ठरत नाही. संस्थेला मान्यता आहे का, हे मात्र पाहायलाच हवं.

प्रवेशाचा विचार करणाऱ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी म्हणूनच संस्थेला काही थेट प्रश्न विचारावेत. विद्यापीठाची किंवा एआयसीटीईची मान्यता आहे का? पगाराचा मध्यक किती आणि किती जणांना नोकरी मिळालीच नाही? पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत? विद्यार्थ्यांना कारखान्यात, रुग्णालयात, सहकारी संस्थेत जाऊन प्रत्यक्ष मोजणी करायला लावतात का? या प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय फी भरू नये.